पीक कापणी प्रयोगातली सरासरी : नमुना आणि समष्टी

एखाद्या महसूल मंडळात सोयाबीनचे हेक्टरी सरासरी उत्पादन किती, याचे खरे उत्तर तिथले सोयाबीनचे प्रत्येक शेत कापून, मळून, तोलल्यावरच मिळेल. या सगळ्या शेतांची मिळून समष्टी होते आणि तिच्या सरासरीला संख्याशास्त्रात प्राचल म्हणतात. एवढी शेते तोलणे अशक्य असते. म्हणून पीक कापणी प्रयोगात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मोजकी शेते निवडतात, प्रत्येकात एक तुकडा आखतात, त्यातले पीक कापून मळतात आणि दाणे तोलतात. बहुतेक पिकांसाठी हा तुकडा 10 बाय 5 मीटरचा असतो. या वजनांवरून निघते ती नमुन्याची सरासरी.

जाहीर झालेला आकडा म्हणजेच मंडळाचे खरे उत्पादन, हा सर्रास आढळणारा गैरसमज. त्याच हंगामात चिठ्ठीत दुसरी शेते आली असती, तर आकडा वेगळा निघाला असता. मंडळाची खरी सरासरी मात्र जिथे आहे तिथेच राहिली असती. अनिश्चितता असते ती नमुन्यात. 95 टक्के विश्वासाचा अर्थही यातूनच लागतो : त्याच रीतीने पुन्हापुन्हा नमुने घेतले, तर दर शंभरातल्या सुमारे 95 वेळा काढलेल्या मर्यादांत प्राचल सापडेल.

शिवाय खरी सरासरी हाती आली, तरी ती कोणा एकाच्या शेताबद्दल काही सांगत नाही. पीकविम्याची भरपाई मंडळाच्या आकड्यावर ठरते तेव्हा ज्याचे एकट्याचे शेत बुडाले, त्याची तक्रार अगदी रास्त असते. त्याचे नुकसान सरासरीत दिसतच नाही.

समष्टी मोठी तर नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा, हेही खरे नाही. 2011च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, महाराष्ट्राची 11 कोटींहून अधिक. तरी दोन्हीकडे यदृच्छेने निवडलेल्या हजार माणसांवरून टक्केवारीचा अंदाज केला, तर चुकीची मर्यादा सारखीच, सुमारे 3 टक्के अंकांची येते. ती निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो.

पण नमुना वाढवल्याने प्रत्येक चूक कमी होत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात हे पिकांवरच दाखवून दिले. त्या काळी काही सर्वेक्षणांत अगदी लहान तुकडे कापत असत. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असे. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. त्यामुळे उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसे. असे तुकडे हजारोंनी कापले, तर सरासरी स्थिर होते, पण प्राचलापासून दूरच स्थिरावते. मोठ्या तुकड्यांचा आग्रह सुखात्म्यांनी धरला तो यासाठी.