कामावर येणाऱ्या ताईची कदर : गटाकडे पैसा कमी असताना काय करता येईल?



दिवाळी जवळ आली की गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "आमच्या मसाला उद्योगात चार बाया कामाला येतात. त्यांना काहीतरी द्यावं वाटतं, पण गटाच्या हातात पैसा नाही. काय द्यायचं?" या वेळी त्यावरच लिहिते आहे.

आधी एक सांगते. हा प्रश्न पडतो, हीच मोठी गोष्ट आहे. आपल्या गटांतल्या बहुतेकजणी कधी ना कधी दुसऱ्याच्या रानात खुरपायला, वेचणीला गेलेल्या आहेत. दिवसभर वाकून काम करायचं आणि संध्याकाळी पैसे मागायला गेलं की "उद्या ये" ऐकायचं, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. आता गटाचं मिरची कांडप सुरू झालं, पापड-शेवया सुरू झाल्या, आणि रोज देणाऱ्या आपणच झालो. बाजू बदलली की जुनं दुखणं विसरायला फार दिवस लागत नाहीत.

आणि हा फक्त चांगुलपणाचा विषय नाही, धंद्याचा पण आहे. मिरची भाजणारी ताई हाताला मुरलेली असते. आच कधी कमी करायची, मिरची कधी खाली उतरवायची, हे ती वासावरून ओळखते. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी सुरू झाली, रानात दोन पैसे जास्त मिळायला लागले, की ती तिकडे जाते. तिच्या जागी नवीन बाई आणली आणि एका दिवशी २० किलो मिरची करपली, तर किलोला २०० रुपये धरले तरी ४,००० रुपये गेले. शिवाय करपलेल्या मिरचीचा मसाला कडवट होतो, तो घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, ते वेगळंच. आता रानात जास्त रोज मिळत असताना पण एखादी ताई आपल्याकडंच का थांबेल? त्याचं उत्तर साडीत नाही.

मजुरी वेळेवर, ही पहिली कदर

कौतुक, बक्षीस, फराळ हे सगळं मजुरीच्या नंतर येतं. मजुरीच्या जागी येत नाही. तीन आठवड्यांची मजुरी थकवायची आणि दिवाळीला मिठाईचा पुडा द्यायचा, याला कदर म्हणत नाहीत. ती ताई पुडा घेते, हसते, आणि घरी जाऊन काय बोलते ते आपल्याला माहीत आहे.

मजुरी का थकते? बऱ्याचदा नियत वाईट नसते. माल दुकानात उधारीवर गेलेला असतो, प्रदर्शनात अपेक्षेएवढा खपलेला नसतो, कर्जाचा हप्ता मध्येच आलेला असतो. यावर उपाय साधा आहे. एक किलो मसाला विकला की त्यात मजुरीचे किती रुपये आहेत ते काढा, आणि पैसे आले की तेवढे आधी बाजूला टाका. वेगळा डबा करा, नाहीतर वहीत वेगळं पान. हप्त्याला हात लावायची जशी आपल्याला भीती वाटते, तशीच त्या पैशाला हात लावायची वाटली पाहिजे. उधारीवर माल द्यायचाच असेल तर आठवड्याच्या मजुरीएवढा माल तरी रोखीत विकला जाईल असं बघा.

वार पण ठरवून टाका. बाजार सोमवारी असेल तर मजुरी रविवारी संध्याकाळी. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या पैशाचा तिला काय उपयोग? तोवर ती दुकानदाराकडून उधार घेऊन बसलेली असते. यात गटाचा एक रुपयाही जास्त जात नाही, पण तिचा आठवडा बदलतो.

हजेरी तिच्यासमोर लिहा. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. अर्धा दिवस की पाऊण दिवस, यावरून जेवढं मन खट्टू होतं तेवढं कमी रोजानं होत नाही.

किमान वेतनाचं पण बघून घ्या. सरकार ते ठरवतं आणि महागाईप्रमाणे ते बदलत असतं. "आम्ही काय कंपनी आहोत का?" असं काही ताया म्हणतात. कंपनी नाही, पण रोज देतो ना आपण? सध्या किती आहे ते जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारता येतं.

लिज्जतवाल्या बायांनी काय केलं

लिज्जत पापड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं पापड लाटणाऱ्या बाईला कामगार म्हणत नाहीत, बहीण म्हणतात, आणि नुसतं म्हणत नाहीत तर ती संस्थेची मालकीणच असते. सकाळी यायचं, काल लाटलेले पापड द्यायचे, त्याची मजुरी घ्यायची, आजचं पीठ घेऊन जायचं. वर नफ्यात वाटा.

आपला गट लगेच तसा होणार नाही, मला मान्य आहे. आपल्याकडे दहा-बारा सदस्य असतात आणि कामाला येणाऱ्या तीन-चार बाया गटाबाहेरच्या असतात. पण त्यांच्याकडून दोन गोष्टी घेता येतात: काम झालं की पैसे, आणि नफा झाला तर थोडा वाटा.

वाट्याचा हिशोब बघा. समजा वर्षाच्या शेवटी गटानं नफ्यातून ३,००० रुपये बाजूला काढले. चार बायांनी वर्षभरात मिळून ३०० दिवस काम केलं. म्हणजे एका हजेरीला १० रुपये. १२० दिवस आलेल्या ताईला १,२०० रुपये, ९० दिवसवालीला ९००, ६० दिवसवालीला ६०० आणि ३० दिवसवालीला ३००. हिशोब सगळ्यांसमोर मांडला की "तिला जास्त, मला कमी" होत नाही. नफा कमी असेल तर हजेरीला ५ रुपये द्या, तेही चालतं. फक्त सुरुवातीलाच सांगून ठेवा की नफा झाला तरच मिळेल. कायद्यानं बोनस साधारण २० माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो, त्यामुळे आपल्यावर तशी सक्ती नाही. सक्ती नसताना दिलेलं माणसाच्या जास्त लक्षात राहतं.

साडीचं काय?

साडीबद्दल माझं मत जरा कडक आहे. २०० रुपयांची साडी कुणी नेसत नाही. ती देण्याघेण्याच्या गठ्ठ्यात जाते, तिथून नणंदेला, नणंदेकडून तिच्या जावेला, आणि दोन वर्षांनी फिरून कदाचित आपल्याच घरी येते! चार साड्यांचे ८०० रुपये होतात. त्यापेक्षा विचारा की, "ताई, काम करताना तुम्हाला कशाचा त्रास होतो?"

मिरचीची देठं खुडणाऱ्या बाईचे हात रात्रभर जळतात. नुसत्या पाण्यानं ते थांबत नाही, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून कामाआधी लावायला खोबरेल तेलाची बाटली, हातमोजे, नाकाला बांधायला चांगलं कापड, कांडप मशीनजवळ डोळ्याला चष्मा, दिवसभर उकिडवं बसावं लागू नये म्हणून एक ठेंगणा पाट. ८०० रुपयांत यातलं बरंचसं येतं. खरं तर हे सगळं आपण आधीच द्यायला हवं, ते बक्षीस नाहीच. पण साडीचे पैसे काढलेच असतील तर आधी इकडे खर्च करा.

दुसरी एक गोष्ट विम्याची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या, बँकेत किंवा पोस्टात खातं असलेल्या कुणालाही तो घेता येतो. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर १ लाख. चार बायांचे मिळून ८० रुपये! हप्ता तिच्याच खात्यातून कापला जातो, म्हणून तेवढे पैसे मे महिन्यात तिच्या खात्यात भरा. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. गटाला झेपत असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयासाठी, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख. वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं ते मात्र तिलाच ठरवू द्या. ई-श्रम कार्ड तर फुकट निघतं. आपण फक्त एक दुपार तिच्यासोबत जायचं आहे.

पैसा न लागणाऱ्या गोष्टी

"छान केलं हं ताई" हे कुणीही कुणालाही म्हणतं. "आज एवढी मिरची भाजली, पण एक पण काळी पडली नाही" असं म्हटलं की तिला कळतं, आपलं काम कुणीतरी बघितलं. नेमकं बोला. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगा, चांगलं झालं तर चारचौघींत सांगा.

आणि हेच तिच्या घरी जाऊन सासूसमोर सांगितलं तर? मी हे घडताना बघितलं आहे. एका गटाच्या अध्यक्षा मुद्दाम एका ताईच्या घरी चहाला गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या सुनेमुळं आमचा मसाला वेळेत गेला." दुसऱ्या दिवसापासून त्या ताईला सकाळी घरातून निघायला अर्धा तास लवकर सवड मिळू लागली. नातवाला शाळेत सोडायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं.

प्रदर्शनाला कोण जातं? बहुतेक वेळा अध्यक्ष आणि सचिव. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जायची संधी आली तर एक जागा प्रत्यक्ष मसाला करणाऱ्या ताईला देऊन बघा. गिऱ्हाईक "यात काय काय टाकता?" विचारतं, तेव्हा तिच्याएवढं पक्कं उत्तर कुणाकडेच नसतं. तालुक्यात एखादं स्टॉल असेल तर तिथून सुरुवात करा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहण्या-जेवणासकट मोफत प्रशिक्षण मिळतं, तिथं पण नाव सुचवा. "शिकली की स्वतःचा धंदा काढेल," अशी भीती काहीजणी बोलून दाखवतात. काढेल कदाचित. आपण पण असाच काढला ना?

आता जरा अवघड बोलते. काही ठिकाणी कामाच्या बायांचे चहाचे कप वेगळे ठेवलेले दिसतात. काही ठिकाणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कामावरच्या विधवा ताईला बोलावत नाहीत. "पहिल्यापासून तसंच आहे," असं उत्तर मिळतं. ज्या बाईनं कांडलेली हळद आपण पाकिटात भरून विकतो, तिलाच हळदीकुंकवाला बाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही. दिवाळीला तिला हजार रुपये दिले तरी वेगळा कप ती विसरत नाही. एकच कप, एकच सतरंजी, एकत्र बसून डबा. याला खर्च शून्य आहे, आणि तरी हेच सगळ्यात जड जातं.

उचल देतानाही जपून. अडीअडचणीला दोन-तीन हजार दिले तर ती मदतच आहे. पण "उचल फिटेपर्यंत दुसरीकडं जायचं नाही" असं म्हटलं की ती मदत राहत नाही. वहीत लिहा, दर आठवड्याला किती कापायचे ते तिच्याशी बोलून ठरवा. ती सोडून गेली तर उरलेले पैसे येतील त्या मार्गानं येतील.

ठराव करून ठेवा

हे सगळं एकट्या अध्यक्षांच्या मनावर सोडलं तर एका वर्षी होतं, दुसऱ्या वर्षी राहतं. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहा. नमुना देते, आपल्या गटाप्रमाणे बदलून घ्या:

"आज दिनांक ___ रोजीच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, गटाच्या उद्योगात काम करणाऱ्या महिलांची मजुरी दर ___वारी संध्याकाळी देण्यात येईल. हजेरी वहीत त्यांची रोज सही किंवा अंगठा घेण्यात येईल. वर्षाच्या निव्वळ नफ्यातून शेकडा ___ रुपये काढून हजेरीच्या दिवसांप्रमाणे वाटण्यात येतील. सुरक्षा विम्याचे प्रत्येकी २० रुपये दर मे महिन्यात गट त्यांच्या खात्यात भरेल. सूचक ___, अनुमोदक ___."

ठराव लिहिताना कामावरच्या ताईंनाही बैठकीत बसवून घ्या आणि मजुरीचा वार त्यांनाच विचारा. दिवाळीआधीची बैठक धरली तर अजून वेळ आहे. आकडे टाकताना काही अडलं तर हजेरी वही आणि विक्रीची वही घेऊन कार्यालयात या, आपण मिळून हिशोब बसवू.