चार चमचे आणि एक अंगठी

दिवाळीआधी माळ्यावरची भांडी घासायला काढली, की सासूबाई एकेकीवरचं नाव वाचतात. हा गडू आत्याबाईंचा, ही परात माहेरची. घासणं राहतं बाजूला! यंदा मात्र ते ऐकताना मला हॉलंडमधल्या ज्यू बायकांची आठवण येत होती. नुकतंच त्यांच्याविषयी वाचलं होतं.

मे १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतलं. ज्यूंना लगेच घराबाहेर काढलं नाही. आधी हुकूम निघाले. २१ मे १९४२ च्या हुकमाने दागिने, चांदी आणि २५० गिल्डरवरची रोकड अॅमस्टरडॅमच्या ‘लिपमन, रोझेन्थाल’ बँकेत भरायची होती. नाव एका जुन्या, विश्वासाच्या ज्यू पेढीचं. पण त्या नावाखाली नाझींनी लुटीसाठी वेगळंच दुकान थाटलं होतं.

मग घरात काय ठेवायचं? लग्नाची अंगठी, आपली आणि वारलेल्या जोडीदाराची. वापरातलं चांदीचं घड्याळ. माणशी एक सुरी, एक काटा, एक मोठा चमचा, एक लहान. आणि दातांत भरलेलं सोनं. दातसुद्धा विसरले नाहीत बघा! पाहुण्यासाठी पाचवा चमचा मात्र नाही.

अशा वेळी बाई काय करणार? चिनी मातीची भांडी, टेबलावरची चादर, चांगले कपडे गुपचूप ओळखीच्या बाईकडे नेऊन द्यायचे. “जरा सांभाळाल का?” अशा सांभाळणाऱ्यांना डच लोकांनी ‘बेवारिएर’ असं नाव पाडलं. ‘बेवारन’ म्हणजे जपून ठेवणं, आणि ‘आरिएर’ म्हणजे नाझींच्या भाषेतले आर्य. आपल्या कानाला त्यात ‘बेवारस’ ऐकू येतं, आणि पुष्कळ सामानाचं तेच झालं.

जुलै १९४२ पासून माणसांना आगगाड्यांत भरून नेऊ लागले. मागे राहिलेली घरं पुल्स नावाच्या कंपनीच्या गाड्या रिकाम्या करीत. घर धुऊन नेण्याला अॅमस्टरडॅममध्ये ‘पुल्सन’ असं क्रियापदच रूढ झालं. हॉलंडमधले एक लाखाहून अधिक ज्यू मारले गेले.

जे थोडे परतले, त्यांनी ठेव मागितली. काहींनी चमचान् चमचा परत केला. काहींनी दारातूनच वाटेला लावलं.

मार्गा मिन्को या लेखिकेचे आईवडील, भाऊ, बहीण सगळे गेले. ‘पत्ता’ या तिच्या कथेतली मुलगी आईच्या वस्तू ठेवलेल्या घरी जाते. दार उघडणाऱ्या बाईच्या अंगात आईचाच विणलेला स्वेटर असतो, आणि ती ओळखसुद्धा दाखवत नाही. मुलगी पुन्हा जाते. या वेळी आत बसायला मिळतं. टेबलावरच्या चादरीवर तिची बोटं जळका डाग शोधतात, आणि तो सापडतो. तरी ती काहीच न घेता निघून जाते.

मी ही गोष्ट सासूबाईंना सांगितली. हातातली परात खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मी असते तर स्वेटर तरी उतरवून घेतला असता गं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण घालणार कोण तो?”