घरातली हवा, लेखांक ५ : यंत्र एकदा, फिल्टर वारंवार

घरातले सूक्ष्म कण येतात कुठून, याचा शोध गेल्या आठवड्यात घेतला. आता प्रश्न ते काढायचे कसे, आणि त्यासाठी एअर प्युरिफायर घ्यायचाच असेल तर तो भरवशाचा कशावरून ठरवायचा. दुकानात याचं उत्तर म्हणून '९९.९७ टक्के कण अडवतो' हा आकडा पुढे केला जातो. आकडा खोटा नाही. हेपा जातीचा फिल्टर १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी घडवला गेला, आणि कण पकडण्याचा प्रश्न तेव्हाच बहुतांशी सुटला. सगळ्यांत निसटता असतो तो साधारण ०.३ मायक्रॉनचा कण. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. त्याहून लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि तेही तंतूंना चिकटतात. म्हणून चाचणी ०.३ मायक्रॉनवर होते. पण ही टक्केवारी फिल्टरमधून गेलेल्या हवेची. खोलीतली किती हवा फिल्टरपर्यंत पोचते हे ती सांगत नाही, आणि यंत्राचा उपयोग तर त्यावरच ठरतो. प्युरिफायर म्हणजे अखेर एक पंखा आणि एक फिल्टर. रात्रभर सोसवेल अशा आवाजात पंखा किती हवा ओढतो, आणि फिल्टर वेळेवर बदलणं खिशाला झेपतं का, या दोन प्रश्नांवर निवड व्हावी. बाकी सगळं दुय्यम आहे.

पहिल्या प्रश्नाचं माप म्हणजे सीएडीआर, अर्थात यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची झोपायची खोली घ्या. तिच्यात १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ही हवा तासातून पाच वेळा गाळली जावी हा सर्वसाधारण निकष. त्यासाठी सीएडीआर १७० हवा. खोली नीट बंद असेल, तर इतक्या वेगात अर्ध्या तासात आधीचे बहुतेक कण निघून जातात. मात्र इथे दोन खाचखळगे आहेत. खोक्यावर छापलेला 'इतक्या चौरस फुटांसाठी' हा आकडा कोणत्या हिशेबाने काढला ते क्वचितच सांगितलेलं असतं. अमेरिकी हिशेब आठ फूट उंचीचं छत धरतो, आपल्याकडची छतं त्याहून उंच. आणि हवा तासाला पाचऐवजी दोनदाच गाळायची असं धरलं की तेच यंत्र कागदावर अडीचपट मोठ्या खोलीला पुरतं. दुसरं असं की छापलेला सीएडीआर पंख्याच्या सर्वांत जास्त वेगावर मोजलेला असतो. त्या वेगाच्या आवाजात कोणी झोपत नाही. रात्रीच्या शांत वेगावर तोच आकडा निम्म्याच्याही बराच खाली येतो. शिवाय आपल्या सरकत्या खिडक्यांना फटी असतात, न्हाणीघराच्या काचपट्ट्या कधीच पुरत्या मिटत नाहीत, आणि बाहेरची हवा सतत आत झिरपत राहते. म्हणून हिशेबाने १७० आलं तर यंत्र ३०० ते ३५० चं घ्यावं आणि मधल्या वेगावर चालवावं. मोठं यंत्र हळू चालवणं हे छोटं यंत्र किंचाळत ठेवण्यापेक्षा कधीही चांगलं.

दुसरा प्रश्न फिल्टरचा, आणि खरेदीच्या वेळी तो सहसा विचारलाच जात नाही. फिल्टर किती टिकेल याचं उत्तर दिनदर्शिकेत नाही, धुळीत आहे. चीनच्या २०१५ च्या राष्ट्रीय मानकात याचं एक नेमकं माप आहे: सीएडीआर मूळच्या निम्म्यावर येईपर्यंत फिल्टरने एकूण किती कण पकडले ते मिलिग्रॅममध्ये मोजतात. त्यात सर्वांत वरच्या श्रेणीला किमान १२,००० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त १२ ग्रॅम लागत. आता हिशेब करा. यंत्र तासाला २५० घनमीटर हवा गाळतंय, खोलीतल्या हवेत दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम कण आहेत, आणि ते रोज दहा तास चालतं. दिवसाला १०० मिलिग्रॅम साचले, म्हणजे बारा हजारांची मर्यादा १२० दिवसांत गाठली. मुंबई-पुण्याच्या हिवाळ्यात, शेजारी इमारत उठत असताना, हा अंदाज अतिशयोक्त नाही. पावसाळ्यात हवा धुतली जाते, तेव्हा तोच फिल्टर कितीतरी जास्त टिकेल. अनेक यंत्रांवरचा 'फिल्टर बदला' दिवा मात्र धूळ मोजतच नाही, चाललेले तास मोजतो.

म्हणून किंमत पाच वर्षांची धरावी. समजा एक यंत्र १२,००० रुपयांना आहे, त्याचा फिल्टर ३,००० ला. दुसरं १८,००० ला, फिल्टर १,८०० ला. दर सहा महिन्यांनी बदल केला तर पहिला फिल्टर यंत्रासोबत आलेला सोडून नऊ घ्यावे लागतील. पहिलं यंत्र ३९,००० ला पडतं, दुसरं ३४,२०० ला. स्वस्त यंत्राच्या महाग फिल्टरचा खरा धोका पैशांपेक्षा वेगळा आहे: माणूस बदल लांबवतो, आणि चोंदलेला फिल्टर तसाच चालवत हवा स्वच्छ होतेय अशा समजुतीत राहतो. घेण्याआधी त्याच मॉडेलचा फिल्टर आज सुटा मिळतो का आणि केवढ्याला, हे पाहावं. दुसऱ्या कोणी बनवलेला स्वस्त फिल्टर बसवायला हरकत नाही, पण त्याच्या कडेचं रबर चौकटीला घट्ट बसलंच पाहिजे. फट राहिली की हवा फिल्टरला वळसा घालून जाते.

जास्तीच्या सोयींबद्दल थोडक्यात. आयन सोडणारी यंत्रं ओझोन निर्माण करू शकतात, आणि ओझोन फुप्फुसांना घातक आहे. कॅलिफोर्नियात घरगुती यंत्रांना त्याची ०.०५ पीपीएम ही कायदेशीर मर्यादा आहे. ते बटण असलं तर बंद ठेवावं. कोळशाच्या फिल्टरची पातळ जाळी वास थोडा कमी करते, वायू फारसे नाही. यंत्रावरचा कण मोजणारा आकडा चढ-उतार समजायला ठीक, पण दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि तो वाढीव दिसतो.

आता आक्षेप. झाडं लावा, यंत्र कशाला, असं अनेकजण मनापासून म्हणतात. या समजुतीचं मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे, पण तो लहान बंद पेटीत, वायूंवर केलेला प्रयोग होता. २०१९ च्या एका आढाव्यानुसार घराच्या खेळत्या हवेशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खिडक्या मिटून हवा कोंडेल. खरंच कोंडते. प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड काढत नाही. म्हणून खिडक्या उघडाव्यातच, पण वेळ पाहून. हिवाळ्यात रात्रीपासून सकाळपर्यंत धूर जमिनीलगत साचतो, दुपारी ऊन चढलं की वर पसरतो, तेव्हा उघडाव्यात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची 'सफर' यंत्रणा पुणे-मुंबईचे आकडे देते, ते पाहून ठरवता येतं. तिसरा आक्षेप, दिवसभर बाहेर धूर खाल्ल्यावर रात्री एका खोलीची हवा गाळून काय होणार? शांघायमध्ये ३५ निरोगी विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोलीतले सूक्ष्म कण ५७ टक्क्यांनी घटले आणि ४८ तासांत रक्तदाब व दाहाचे काही निर्देशक मोजता येईल इतके उतरले. चाचणी छोटी आणि अल्पकाळाची होती, तिच्यावरून दीर्घायुष्याचं वचन देता येत नाही. पण दम्याचं मूल किंवा हृदयविकाराचे आजोबा ज्या खोलीत आठ-नऊ तास झोपतात, तिथली हवा निम्म्याने स्वच्छ होणं ही लहान गोष्ट नव्हे. याच खोलीत डासांची कॉइल जळत असेल तर आधी ती विझवावी. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ च्या संशोधनात आढळलं होतं. मच्छरदाणी हा त्याहून बरा उपाय.

देखभाल अवघड नाही, नेमाची आहे. बाहेरची जाळी पंधरवड्याला व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने साफ करावी, धुता येण्याजोगी असेल तर धुऊन पूर्ण वाळवावी. हेपा फिल्टर कधीही धुऊ नये. पाण्याने तंतूंची रचना बिघडते. यंत्र भिंतीपासून हातभर दूर, पडद्यामागे नव्हे, उशाशी जवळ ठेवावं. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं काम एक्झॉस्ट पंख्यावर सोपवावं, नाहीतर तेलाच्या वाफा फिल्टरवर बसतात. कोकण-गोव्यात पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद राहणार असेल, तर फिल्टर काढून कोरड्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. दिवाळीआधी बाहेर काढताना त्याला कुबट वास आला, तर त्यावर बुरशी धरली आहे असं समजून नवा आणावा, उन्हात ठेवून पुन्हा बसवू नये.