फाटा : सातबाऱ्याबाहेरचे गाव

मेहकरहून जालन्याकडे निघाले की सुलतानपूर, बिबी, दुसरबीड आणि मग जिजाऊंचे सिंदखेड राजा लागते. नागपूर-मुंबईचा जुना रस्ता तो हाच. सुलतानपूरला लोणारची वाट फुटते. आतल्या गावांचे रस्ते जिथे जिथे या डांबरीला मिळतात तिथे तिथे फाटा असतो, आणि बहुधा आतल्याच गावाचे नाव लावतो.

फाटा कोणी वसवत नाही. तो साचत जातो. आधी एसटीचा विनंती थांबा. थांबणाऱ्याला सावली हवी, म्हणून लिंबाखाली चहाचे हॉटेल. मग पानठेला, पंक्चरवाला, कटिंगचे दुकान, रसवंती, कृषी केंद्र. आत जायला काळी-पिवळी उभी असते, आणि ती भरेपर्यंत जो वेळ जातो त्यावर या साऱ्यांचे पोट चालते. (मी एसटीनेच फिरतो, त्यामुळे या उलाढालीत माझाही वाटा आहे.) शेत पावसावर जगते, तसा फाटा लोकांच्या ताटकळण्यावर.

कागदावर मात्र तो नाही. जनगणना महसुली गावानुसार होते. फाट्यावरची माणसे मूळ गावात धरली जातात. बरीच दुकाने रस्त्याच्या हद्दीत, म्हणजे रुंदीकरण आले की ‘अतिक्रमण’. सातबारा ज्याच्या नावे त्याला मोबदला, वीस वर्षे भजी तळणाऱ्याला नोटीस.

समृद्धी महामार्गाने आणलेले संकट याहून वेगळे आहे. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. ५ जून २०२५ला सारा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. तो याच तालुक्यांतून जातो, पण दोन्ही बाजूंनी बंदिस्त. चढ-उतार मेहकर, दुसरबीड, सिंदखेड राजा अशा ठरावीक ठिकाणीच. त्याला फाटा फुटूच शकत नाही. मराठीत ‘फाटा देणे’ म्हणजे वगळणे, ते इथे शब्दशः घडले. लांब पल्ल्याच्या ट्रॅव्हल्स जुन्या रस्त्यावरून गेल्या, तशी रात्रीची गिऱ्हाइकी गेली. कृषी केंद्राचे फारसे बिघडले नाही, धाबेवाल्याचे बिघडले.

१ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ याच महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. त्यानंतर या सरळसोट रस्त्यावर चालकांना थांबायला, चहा प्यायला जागा नसल्याची चर्चा झाली. जुन्या रस्त्यावर चालकाला जागे ठेवण्याचे हे काम फाटे करीत होते. त्याची नोंद कुठल्याच खात्यात नव्हती, म्हणून नव्या आराखड्यात ते कोणाला आठवले नसावे.

गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परतताना आजही सिंदखेड राजा, बिबी, लोणार, मेहकर अशी जुन्या वाटेनेच पायी येते. त्या दिवसांत यातले बरेच चहावाले वारकऱ्यांकडून पैसे घेत नाहीत.