लिची विमानात बसते तेव्हा

मे महिन्याच्या अखेरीला मुंबईच्या बाजारात लिचीचे लाल घोस दिसू लागतात. तुम्ही भाव विचारता, नाक मुरडता आणि तरीही अर्धा किलो घेता. ही लिची बहुधा बिहारमधल्या मुझफ्फरपूरची असते. तिथल्या 'शाही' लिचीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

आंबा कच्चा उतरवून अढीत पिकवता येतो. लिचीचं तसं नाही. झाडावरून काढली की तिचं पिकणं थांबतं आणि सुकणं सुरू होतं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच साल तपकिरी पडते. आत गर गोड असला, तरी अशा फळाला गिऱ्हाईक हात लावत नाही. शाहीचा हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. बागवाल्याची वर्षाची कमाई तेवढ्यात व्हायची असते.

मुंबईला जाणारी पवन एक्स्प्रेस हा त्यांचा जुना आधार. पण प्रवास दीड दिवसाचा. म्हणून सुमारे साठ किलोमीटरवरच्या दरभंग्याचा छोटा विमानतळ महत्त्वाचा ठरला. मुळात ही धावपट्टी दरभंग्याचे महाराज कामेश्वर सिंह यांच्या काळातली, पुढे हवाई दलाकडे गेलेली. 'उडान' योजनेत ८ नोव्हेंबर २०२० रोजी इथून दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूची प्रवासी विमानं सुरू झाली. त्याआधी मिथिलेतल्या माणसाला विमानासाठी पाटणा गाठावं लागे. आता पहाटे तोडलेली लिची प्रवाशांच्या पायाखालच्या सामानकक्षातून त्याच दिवशी मुंबईत उतरू शकते.

अर्थात, विमान म्हणजे जादूची कांडी नव्हे. सामानकक्षात जागा मोजकी आणि भाडं जास्त. बराचसा माल आजही ट्रकने आणि रेल्वेनेच जातो. विमान परवडतं ते निवडक, चांगला भाव मिळवणाऱ्या फळाला. मिथिलेच्या मखान्याला तर त्याची गरजच नाही; लाह्या कोरड्या, टिकाऊ, ट्रकने निवांत जातात. लिचीला मात्र एकेक तास महाग.

तेव्हा घेताना घोस देठासकट बघा. देठ हिरवा आणि साल किंचित लवचीक असेल, तर फळ ताजं. घरी आल्यावर न धुता, ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. खायच्या वेळी धुवा. आणि मुलांच्या हातात देण्याआधी बी काढायला विसरू नका.