वाचलेली बाळं मोठी झाली

१८८६ साली कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनच्या एका सभेत दोन तान्ह्या मुलांची हकीकत मांडली. पोटं फुगलेली, शौचाला होत नाही आणि शेवटी मृत्यू. आजाराला त्यांचं नाव लागलं, पण कारण कळायला पुढे अनेक दशकं गेली. सगळ्यांची नजर फुगलेल्या आतड्यावर होती. दोष त्याच्या खालच्या, दिसायला साध्या तुकड्यात होता. तिथे चेतापेशीच नसतात, त्यामुळे तो भाग सैलावत नाही. १९४८ साली बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी तो तुकडा काढून निरोगी आतडं खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. साधारण पाच हजारांत एका बाळाला हा आजार असतो. त्यांतली बहुतेक बाळं आता जगतात.

ज्यांना जन्मतः गुदद्वारच नसतं, अशा बाळांसाठीही १९८० च्या सुमारास अल्बर्टो पेन्या यांनी मेक्सिकोत शस्त्रक्रियेची नवी पद्धत बसवली.

जीव वाचणं हे फार मोठं यश होतं. मात्र पुढची कित्येक वर्षं पाठपुरावा म्हणजे दिवसाला किती वेळा शौच, कपडे खराब होतात का, एवढंच. शाळेच्या बाकावर वास येईल या धास्तीने बसलेल्या मुलाला काय वाटतं, हा प्रश्न तक्त्यात नव्हता.

आणि एक गोष्ट घराघरांत घडत होती. शस्त्रक्रियेनंतर वाट आकसू नये म्हणून आईवडिलांना सळई देऊन ती रोज रुंद करायला शिकवलं जाई. याला डॉक्टर डायलेटेशन म्हणतात. मूल रडतंय, एक जण पाय धरतोय, दुसरा सळई घालतोय, असं महिनोन्‌महिने. त्यांनी ते मायेपोटीच केलं, यात शंका नाही. पण आपल्या शरीरावर आपला हक्क नाही, हे मूल याच वयात शिकत असेल तर मोठेपणी जवळीक, लैंगिक संबंध, साधी तपासणीसुद्धा जड जाणं समजण्यासारखं आहे. हे डायलेटेशन सर्वांना लागतंच का, याची पद्धतशीर चाचणी अमेरिकेत झाली ती अगदी अलीकडे. ते टाळूनही चालतं, असं त्यात दिसलं. इतकी वर्षं हे कुणी का विचारलं नाही?

१९९० साली इंग्लंडच्या पॅड्रिक मलोन यांनी अपेंडिक्स पोटाच्या कातडीला जोडलं आणि एनिमा वरून द्यायची सोय केली. वैद्यकीयदृष्ट्या ती आतडं धुण्याची युक्ती. पण मुलाला किंवा मुलीला दार लावून हे स्वतःचं स्वतः करता येऊ लागलं. मनाच्या दृष्टीने याहून मोठं पाऊल या साऱ्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मोठ्या झालेल्या या रुग्णांकडे लक्ष जायला उशीरच झाला. तेव्हा दिसलं, की त्रासाची तीव्रता आणि मनाची अवस्था यांचा हिशोब सरळ जुळत नाही. थोडी गळती असलेला माणूस खचलेला असतो, पोटाला पिशवी असलेला मजेत असू शकतो. घरात याविषयी मोकळेपणाने बोललं जातं का, जोडीदाराला ठाऊक आहे का, यावर बरंच अवलंबून असतं.

हिर्शस्प्रुंगच्या आजारावरील २०२० च्या युरोपीय मार्गदर्शिकेत रुग्णाला बालरुग्णालयातून प्रौढांच्या डॉक्टरांकडे नीट सोपवण्याचा मुद्दा आला. आपल्याकडे २०१३ चा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत या माणसांसाठी वेगळी नोंद नाही. एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी आदल्या रात्रीपासून उपाशी राहणारा तिशीतला माणूस मग पुन्हा बालशल्यचिकित्सेच्याच ओपीडीत जातो, कडेवरच्या बाळांच्या रांगेत उभा राहतो.