मुखवटा, व्यक्ती आणि नोकरी देणारा माणूस

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं लिंक्डइनवर काय काम? मलाही तसंच वाटायचं. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी हिंजवडीत रिक्रूटर आहे, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधते. परवा घरी आली आणि म्हणाली, "सर, नुसती 'जागा भरणे आहे' अशी पोस्ट आता कुणी वाचत नाही. स्वतःबद्दल लिहा, पहिल्या नोकरीत काय चुकलं ते लिहा, असं वरून सांगतात. मग हे माझं व्यक्तिमत्त्व, की माझं काम?"

आधी तिच्या वरिष्ठांची बाजू समजून घेऊ. लिंक्डइन 2003 साली सुरू झालं. तेव्हा ती बायोडाटा अडकवून ठेवायची खुंटी होती. आज तो गप्पांचा कट्टा झालाय. चांगल्या नोकरीत असलेला माणूस जाहिराती चाळत बसत नाही. तो आधी माणूस पाहतो, मग कंपनी. शिवाय उमेदवार आपला सगळा इतिहास उघडा करतो, तर समोरच्यानेही थोडं उघडं व्हावं, यात गैर काय?

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीतला 'पर्सनॅलिटी' हा शब्द लॅटिनमधल्या 'पर्सोना'वरून आला. पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. आपला 'व्यक्ती' हा शब्द मात्र 'व्यक्त होणे' या क्रियेतला. एक शब्द झाकतो, दुसरा प्रकट करतो. गंमत अशी, की रिक्रूटरला दोन्ही एकाच वेळी करावं लागतं.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन म्हणतो, आपण सगळेच रंगमंचावर असतो. पाहुणे आल्यावर वेगळे, स्वयंपाकघरात वेगळे. म्हणून मुखवटा म्हणजे लबाडी, असं मी म्हणणार नाही. पण आर्ली हॉकशील्ड या विदुषीने 1983 साली विमानातल्या सेविकांवर लिहिताना पुढचा प्रश्न विचारला: हसू हाच पगाराचा भाग झाला, तर ते हसू कुणाचं? तिने याला भावनिक श्रम म्हटलं. माझ्या विद्यार्थिनीचा थकवा हाच आहे. आठवण तिची, पण ती लिहायची कधी हे ठरवणार कंपनी.

यात आणखी एक धोका आहे. रिक्रूटर ट्रेकिंगचे फोटो टाकतो, मग ट्रेकिंगवाले जवळ येतात. आपल्यासारखा माणूस आपल्याला लगेच 'योग्य' वाटू लागतो. जो मुलगा काम चोख करतो, पण नेटवर चार ओळी लिहायला लाजतो, तो मागे पडतो. त्याची चूक काहीच नसते.

पण तिला खरं टोचत होतं ते वेगळंच. मुलाखतीत स्वतः नापास झाल्याची तिची पोस्ट खूप गाजली. खाली शेकडो कौतुकं. त्यातच एकाने लिहिलं होतं, "मॅडम, तुमच्याकडे तीन फेऱ्या दिल्या. दीड महिना झाला, हो नाही की नाही नाही." त्याला तिने उत्तर दिलं नव्हतं.

कांट सांगतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. 'केवळ' हा शब्द इथे महत्त्वाचा. कंपनीला माणसं हवीत, मुलांना नोकरी हवी. एकमेकांचा उपयोग होणारच. पण त्या मुलाने तिच्यात माणूस पाहिला, तो तिनेच दाखवला म्हणून. एकदा माणूस म्हणून समोर आलात, की उत्तर द्यायची जबाबदारीही येते. फलकावरच्या जाहिरातीवर कुणी रुसत नाही, ओळखीच्या माणसावर रुसतो.

मी तिला एवढंच म्हटलं, पोस्ट लिही, खुशाल लिही. पण आधी त्या मुलाला 'नाही' कळव, कारण दोन ओळींत सांग. व्यक्त व्हायचं ते तिथे. तिने त्याच रात्री कळवलं. त्याचं उत्तर आलं, "थँक्यू मॅडम, आता दुसरीकडे बघतो."

त्याचा दीड महिना मात्र गेला तो गेलाच. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.